कोण, कुठं, कधी

काळ कुणालाही विसरत नाही. आमच्या संस्थेच्या मुख्य इमारतीत शिरलं की समोरच्या भिंतीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत कोरलेलं दिसतं. वाक्य कुणाचं आहे, असं मी नोकरीत असताना बऱ्याच जणांना विचारलं. कुणालाच आठवत नव्हतं.

संस्था कोल्हापूरहून हातकणंगल्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एक सूतगिरणी, दोन कॉलेजं, एक पतसंस्था, एक बझार आणि या सगळ्यांना मिळून एक अध्यक्ष. मी प्रकाशन विभागात होतो. अध्यक्षांची भाषणं लिहायची आणि स्मरणिकेची मुद्रितं तपासायची, एवढंच काम. अशा नोकरीत माणूस एकतर कवी होतो, नाहीतर शांत होतो. मी शांत झालो होतो. तेवढ्यात अक्का आल्या.

सुवर्णमहोत्सव जवळ आला होता आणि अध्यक्षांना वाटलं, संस्थेचा सगळा इतिहास आता कॉम्प्युटरवर गेला पाहिजे. 'एक बटन दाबलं की पन्नास वर्षं दिसायला पायजेत,' असं ते संचालकांच्या बैठकीत म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटो सांभाळण्याचं एक मोठं सॉफ्टवेअर विकत घेतलं गेलं. त्यात घालायला फोटो शोधले, तेव्हा इतिहास काय अवस्थेत आहे ते कळलं. काही लोखंडी कपाटात, काही चिकटून एकजीव झालेल्या अल्बमांत, निगेटिव्ह श्रीखंडाच्या डब्यात. अलीकडचे हार्डडिस्कवर होते, पण तिथल्या फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन नवीन', 'साहेब वाढदिवस फायनल' आणि 'साहेब वाढदिवस खरं फायनल' अशी. बटण दाबलं असतं तर पन्नास वर्षं दिसलीच असती, पण ती कुठली हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

अक्कांनी कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या फोटो विभागात उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे कंत्राटावर आल्या. मूळच्या शिरोळकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. घरात अक्का, पेपरात अक्का, आमच्याकडेही अक्का. खरं नाव नेमणूकपत्रात असणार. सुती साडी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, मनगटावर वडिलांचं मोठ्या डायलचं घड्याळ. बोलणं शिरोळचं, तेही पेपरात इतकी वर्षं काढून जराही न झिजलेलं. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी आलो', 'मी जेवतो' असं बोलायच्या आणि ऐकणारा बिचकला तर 'काय झालं?' असं त्यालाच विचारायच्या.

आल्या त्या दिवशी त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तीन रकाने सक्तीचे करून टाकले. कोण, कुठं, कधी. हे तीन भरल्याशिवाय फोटो कॅटलॉगात शिरतच नसे. लाल अक्षरांत सूचना यायची आणि फोटो बाहेर ताटकळत राहायचा.

"नाव न लावलेला फोटो हरवलेलाच असतो," त्या म्हणायच्या. "कपाटात हाय म्हणून काय झालं? कपाटात हरवलाय."

लोकांनी पळवाटा शोधल्या. एका प्राध्यापकांनी गॅदरिंगच्या सगळ्या फोटोंना 'कोण'मध्ये 'मान्यवर' असं भरलं. अक्का त्यांच्या वर्गावर गेल्या, दारात उभ्या राहिल्या.

"सर, हे मान्यवर कुठं राहत्यात?"

"कोण मान्यवर?"

"तुमीच लिवलंय. पंच्याहत्तर फोटोत हायत. एवढा फिरणारा माणूस, मला एकदा भेटायचं हाय."

पोरं हसली. सर पुढचा आठवडाभर पाहुण्यांची नावं शोधत होते.

विशेषणांवर त्यांचा विशेष राग. 'भव्य उद्घाटन', 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं काही दिसलं की त्या खोडून टाकायच्या. "फोटोत काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते घरी जाऊन सांगा." मी भाषणं लिहिणारा माणूस, विशेषणं काढली तर माझ्या हातात 'आणि' आणि 'म्हणून' एवढेच उरले असते. मी तसं त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आवरतं की भाषण लौकर."

दुसरा राग कॅमेऱ्याच्या घड्याळावर. जुन्या कॅमेऱ्याचा सेल उतरला की त्याची तारीख आपोआप एक जानेवारीवर जाते आणि ती तारीख प्रत्येक फोटोच्या पोटात जाऊन बसते. त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते आमच्या संस्थेत झेंडावंदन, गणपती, बारावीचा निकाल आणि दोन आमदारांचे वाढदिवस एकाच दिवशी झाले होते. अक्का या तारखा मानत नसत. चष्मा लावून फोटोच्या कोपऱ्यात बघायच्या. आमच्याकडे कुठलाही फोटो काढा, मागे कुठंतरी ऊस असतोच. "तुरा कुठाय उसाला? म्हंजे दिवाळी यायची हाय अजून. एक जानेवारी म्हणं!" मग 'कधी'च्या रकान्यात लिहायच्या: दिवाळीच्या आधी, उसाला तुरा नाही त्यावरून.

हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ऑफिस सुटल्यावरही सुटत नसे. लग्नात जेवणाच्या पंगतीकडे बघून त्या मनातल्या मनात डावीकडून नावं घेत असत. ओठ हलताना दिसायचे. एखादा अनोळखी निघाला की उठून जाऊन विचारायच्या, "पावणं, तुमी कोण?" पाहुणे घाबरून ताटावरून उठायला लागायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी. एकीवर होतं: 'शेंगदाण्याची चटणी. कुटली मी. मागच्या अंगणात. शिमग्याच्या आधी. कांदा-लसूण न्हाय.'

सूर्यास्तानंतर त्या अन्नाला शिवत नसत. त्यामुळे दिवस मावळायच्या आत डबा उघडायचाच, मग समोर कुणीही असो. एकदा अध्यक्ष बैठकीत 'सहकार ही एक चळवळ आहे' या वाक्याच्या मध्यावर होते. वाक्य माझंच होतं. अक्कांनी खिडकीतून बाहेर बघितलं, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चालू द्या साहेब. मी जेवतो." अध्यक्ष चळवळीपाशीच थांबले.

कॅटलॉग नीट लागत गेला तसे त्यातून भलतेच प्रकार बाहेर पडू लागले. इतिहास कपाटात असतो तोवर निरुपद्रवी असतो. शोधता यायला लागला की पंचाईत होते. एकदा एका संचालकांना मुलींच्या वसतिगृहाच्या पायाभरणीचा फोटो हवा होता. अक्कांनी 'कुठं'मध्ये 'वसतिगृहाची जागा' टाकून शोध घेतला. चार निरनिराळ्या पुढाऱ्यांनी त्याच जागी मारलेल्या चार कुदळी पडद्यावर आल्या. पाचवा फोटो त्याच जागी चरणाऱ्या शेळ्यांचा.

"यातला कुठला देऊ?" अक्कांनी विचारलं.

संचालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

सॉफ्टवेअरला चेहरे ओळखता येत होते, म्हणजे तसा त्याचा दावा होता. साधा चेहरा ते बरोबर ओळखायचं. पण आमच्या भागात माणसाला कशाही निमित्तानं स्टेजवर बोलावलं की आधी फेटा बांधतात, आणि फेट्याखालचा प्रत्येक चेहरा सॉफ्टवेअरला सारखाच दिसायचा. अध्यक्षांचे फेट्यातले फोटो सगळ्यात जास्त, म्हणून फेटेवाला दिसला की ते विचारायचं, 'हे अध्यक्षच ना?' खाली दोन बटणं, होय आणि नाही. अक्का येण्याआधी कुणीतरी सगळीकडे 'होय' दाबून ठेवलं होतं. त्यामुळे 'अध्यक्ष' नावाच्या अल्बमात दोन मंत्री, एक नवरदेव, बँडचा म्होरक्या आणि गॅदरिंगच्या नाटकातला एक सरदार असे सगळे जमले होते.

याच सुमारास महोत्सवासाठी पुण्याहून एक सल्लागार आणला गेला. तरुण, हुशार, फार गोड बोलणारा. तो संस्थेला 'ब्रँड' म्हणायचा आणि आमच्या भूतकाळाला 'स्टोरी'. त्यानं पहिल्याच बैठकीत पडद्यावर मोठ्ठा आकडा दाखवला: साहेबांनी आजवर इतक्या कार्यक्रमांना हजेरी लावली, सॉफ्टवेअरनंच मोजलंय. अध्यक्षांचा चेहरा उजळला.

"ह्यात बँडवाला पण हाय," अक्का म्हणाल्या.

त्या सल्लागाराला फोटोंना कीवर्डही आपोआप लावायचे होते. त्यानं नमुना दाखवला. कार्यक्रमाला आणलेल्या शाळेच्या पोरांच्या एका फोटोला यंत्रानं शब्द दिले होते: गर्दी, टोपी, आनंद.

"आनंद कुठाय?" अक्कांनी पडद्याजवळ जाऊन बघितलं. "सकाळी सातपासनं उन्हात बसवल्यात पोरं. पुढारी दुपारी आला. तुमच्या यंत्राला सांगा, त्याला भूक म्हणत्यात."

आता उपाध्यक्षांबद्दल सांगायला हवं.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही संस्थेची जोडी. संस्था उभी राहिली तेव्हापासून बरोबर. उपाध्यक्ष धिप्पाड, मोकळे, कुणाच्याही अंगावर हात टाकून बोलणारे. फोटोच्या वेळी ते अध्यक्षांच्या शेजारी उभे राहायचे आणि डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवायचे. बोटात पुष्कराजाची ठसठशीत अंगठी. उद्घाटन असो, सहल असो, कुणाच्या मयतीनंतरची शोकसभा असो, हात खांद्यावर. सूतगिरणीचे जुने कामगार म्हणायचे की साहेबांचा तो खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली आहे. मला तसं कधी दिसलं नाही, पण मी बघायचो मात्र.

महोत्सवाच्या तोंडावर या दोघांचं बिनसलं. कशावरून, याच्या चार कथा आहेत आणि चारही खऱ्या असाव्यात. उपाध्यक्षांनी राजीनामा दिला आणि येत्या निवडणुकीत अध्यक्षांच्या विरोधात स्वतःचं पॅनेल उभं करतो म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अक्कांना केबिनमध्ये बोलावलं. सल्लागार होता, मीही भाषणाचा कागद घेऊन बसलो होतो.

"अक्का, ह्यो माणूस मला फोटोत नगं."

"कुठल्या?"

"कुठल्याच. जिथं जिथं असंल तिथनं डिलीट मारा."

"साहेब, तो नसलेला फोटो शोधायला लागंल मग."

"तेच म्हणतोय मी. जेवढं हायत तेवढं सगळं काढा."

अक्कांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी कोण आलं असेल ते मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच कबनूरची एक बाई त्यांच्याकडे आली होती. तिची आई गिरणीत बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, भरायला होती. ती वारली, घरात तिचा एकही फोटो नव्हता. आधारकार्डावर होता, पण तो बघून नातवंडं ओळखत नव्हती. अक्कांनी 'कोण'मध्ये आईचं नाव टाकलं. एक फोटो निघाला. कामगार दिनाचा, उत्कृष्ट कामगार म्हणून बक्षीस घेताना. आईच्या हातात प्रेशर कुकर, पदर नीट घेतलेला, मान ताठ. कुकर देणारे उपाध्यक्ष. बाई पडद्याला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "ह्यो कोण मधी?" अक्कांनी सांगितलं. "असू दे," बाई म्हणाली, "माजी आई नीट दिसतीया की."

"साहेब," अक्का अध्यक्षांना म्हणाल्या, "त्या माणसाच्या शेजारी दुसरी बी माणसं हायत. गिरणीतल्या बायका हायत. पहिलं मशीन चालू झालं त्या दिवशी कामावर आलेल्या हायत. त्यास्नी कुठं दुसरा फोटो हाय? त्यो गेला की ती बी गेली."

"मग नुसता त्याला कापा."

"मी कापत न्हाय. मी नावं लावतो."

"फोटो संस्थेचे आहेत, मॅडम," सल्लागार गोड आवाजात म्हणाला.

"तेच सांगतोय बाळ. साहेबांचे न्हाईत."

डिलीट करायचा अधिकार सॉफ्टवेअरमध्ये एकट्या अक्कांना होता आणि पासवर्डही त्यांच्याकडेच. त्यामुळे त्या दिवशी तडजोड झाली. मूळ फोटोंचं नंतर बघू. स्मरणिकेसाठी सल्लागारानं प्रती काढून त्यातून उपाध्यक्ष कापायचे.

तो कापायला बसला आणि हात आडवा आला. माणूस कापता येत होता, पण खांद्यावरचा हात अध्यक्षांच्या अंगावरच होता. हात कापायचा तर खांदा जायचा. एका फोटोत त्यानं यंत्राकडून हात पुसून घेतला, तर तिथं यंत्रानं स्वतःच्या कल्पनेनं झेंडूचं एक फूल उगवलं. सल्लागार लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये आला. अध्यक्षांनी फूल बघितलं, हात बघितला आणि वैतागून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की ओ हात! नुसता हात कुणाचा हाय ते कुणाला कळतंय?"

कापलेल्या प्रती कॅटलॉगात घालायच्या होत्या, म्हणजे तीन रकाने आले. सल्लागारानं 'कोण'मध्ये 'अध्यक्ष' लिहून प्रती अक्कांकडे पाठवल्या. अक्कांनी एकेक फोटो उघडला. जे दिसतं ते लिहायचं, डावीकडून लिहायचं, आणि कुणाला वगळायचं नाही. हा त्यांचा नियम सगळ्यांसाठी होता, अध्यक्षांसाठी तो मोडायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. हात दिसत होता. अंगठीवरून तो कुणाचा तेही दिसत होतं. त्यांनी शांतपणे भरलं: 'डावीकडून: माजी उपाध्यक्षांचा हात, अध्यक्ष.'

स्मरणिकेचं काम नव्या पद्धतीनं होणार होतं. फोटो पानावर ठेवला की त्याच्या पोटातली माहिती आपोआप खाली ओळ म्हणून उतरायची. या सोयीचं सल्लागाराला फार कौतुक. चूक व्हायला वावच नाही, म्हणायचा. ते खरं होतं. मुद्रितं माझ्याकडे आली. मी ती दोनदा वाचली. मुद्रितशोधकाचं काम चुका काढायचं. मला एकही सापडली नाही. अध्यक्षांनीही मुद्रितं बघितली, म्हणजे स्वतःचे फोटो बघितले, आणि 'छान' म्हणून सही केली. स्मरणिका वाचायची असते, अशी आमच्याकडे कुणाची समजूत नव्हती.

पण महोत्सवाचे प्रमुख पाहुणे बाहेरचे होते. भाषणं लांबली. स्टेजवर त्यांच्यासमोर माईक, पाण्याची बाटली आणि स्मरणिका, एवढंच होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्मरणिका उघडली. मी पहिल्या रांगेत होतो, मला सगळं दिसत होतं. त्यांनी एक पान उलटलं, थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले. मग शेजारी बसलेल्या अध्यक्षांकडे कलले. माईक चालू होता.

"अध्यक्षसाहेब, हा हात प्रत्येक पानावर आहे हो. फार निष्ठावान दिसतोय."

मंडपात पाच हजार माणूस आणि प्रत्येकाच्या हातात स्मरणिका. पानं उलटल्याचा असा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. मग मागून, गिरणीच्या बायका बसल्या होत्या तिकडून, हसू सुरू झालं आणि ते पुढं येत येत स्टेजपाशी थांबलं.

त्या आठवड्यात उपाध्यक्षांनी प्रचाराची पहिली सभा घेतली. स्टेजवर येऊन एक शब्द न बोलता त्यांनी नुसता डावा हात वर केला. सभा तिथंच जिंकली, असं लोक म्हणतात.

अध्यक्षांनी अक्कांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी बसा म्हटलं नाही. अक्का बसल्या.

"हसं केलंत माझं."

"मी काय केलं? हात हाय म्हणून हात लिवला. न्हवता तिथं फूल लिवलंय."

"कुणी सांगितलंवतं हाताचं नाव घालायला?"

"मग कुणाचं घालू? हात काय असाच फिरत येतोय व्हय खांद्यावर?"

"अक्का, पासवर्ड द्या. मूळ फोटो आजच्या आज गेले पायजेत."

"न्हाय देणार."

"तुमची नोकरी कंत्राटी हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. माझी कंत्राटी हाय. तुमची निवडणुकीची हाय. फोटोतल्यांची कुठलीच न्हाय. त्यास्नी ऱ्हाऊ द्या."

अध्यक्ष लाल झाले, पण ओरडले नाहीत. आमच्या संस्थेत माणसाला कधीच काढून टाकत नाहीत. त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र. फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत दुसरा असतो. सत्कार झालेला माणूस परत कामावर आला असं एकदाही घडलेलं नाही. आणि तसंच, सत्कार झाल्याशिवाय कुणी गेलं असंही घडलेलं नाही. अक्कांचा सत्कार जाहीर झाला. मानपत्र मला लिहायला सांगितलं. सत्कार झाला की पासवर्ड सल्लागाराकडे आणि सल्लागाराचं बोट डिलीटवर, हे सगळ्यांना माहीत होतं.

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा. अध्यक्ष पाचच्या कार्यक्रमाला सातला येतात. ती रीतच आहे. अक्का पाचला येऊन बसल्या. खिडकीतून ऊन सरकत गेलं. दिवस मावळायच्या बेतात आला तशा त्या उठल्या, म्हणाल्या, "मी जेवतो," आणि घरी गेल्या. सातला अध्यक्ष आले तेव्हा स्टेजवर शाल होती, नारळ होता, खुर्ची रिकामी.

पुढच्या वेळी अध्यक्ष चक्क साडेपाचला आले. लोक घड्याळं कानाला लावून बघायला लागले. अक्का हॉलमध्ये होत्या, पण गळ्यात कॅमेरा. संस्थेचा फोटोग्राफर त्या दिवशी भाच्याच्या मुंजीला गेला होता. त्याला कुणी पाठवलं होतं, मला ठाऊक नाही.

"अक्का, या की वर," सूत्रसंचालक म्हणाला.

"येतो की. फोटो कोण काढणार?"

फोटो नसलेला सत्कार आमच्याकडे झाला असं धरत नाहीत. मोबाइल पुढं आले, पण अक्का म्हणाल्या, त्यात मी नीट दिसत न्हाय, आणि हे बोलता बोलता खिडकीकडे बघितलं. दिवस मावळत होता.

असं महिन्यामागून महिना चाललं. मी मानपत्रावरची तारीख बदलत होतो. सल्लागार येता-जाता अक्कांना हसून नमस्कार करायचा. त्या त्याला शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, चिठ्ठीसकट. मी एकदा विचारलं, "अक्का, किती दिवस टाळणार?" त्या स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाल्या, "ती दोघं एक होईपातूर."

"ते कसले एक होताहेत?"

"होत्यात. मी फोटो बघितल्यात. ही काय पहिली वेळ न्हाय. दोनदा तुटल्यात, दोनदा जुळल्यात. तुमाला ठाऊक न्हाय, कारण तुमी भाषणं वाचताय."

निवडणुकीचे अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी ते एक झाले. दोघांनाही आपापल्या बेरजा कळल्या असाव्यात. दुपारी सल्लागार धावत अक्कांच्या खोलीत आला. संध्याकाळपर्यंत चौकाचौकांत फ्लेक्स लावायचे होते: 'अतूट मैत्रीची पन्नास वर्षं'. त्यासाठी दोघांचे एकत्र फोटो हवे होते, जुने, पहिल्या दिवसापासूनचे, न कापलेले.

"मॅडम, आहेत ना?" त्याचा गोड आवाज पहिल्यांदाच कोरडा पडला होता.

अक्कांनी शोध घेतला. पडदा भरून गेला. तरुण अध्यक्ष, तरुण उपाध्यक्ष, पहिलं मशीन, मागे त्या दिवशी कामावर आलेल्या बायका. खांद्यावर हात, आणि हाताला माणूस.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "खाली नावं हायत. सगळ्यांची. फ्लेक्सवर सगळी छापायची, मागच्या बायकांची पण. न्हायतर फोटो मिळणार न्हाय."

तो फ्लेक्स पुढं कितीतरी दिवस हायवेला होता. वर अध्यक्ष, उपाध्यक्ष. खाली बॉबिन भरणाऱ्या बायकांची नावं, डावीकडून. कबनूरची ती बाई रिक्षा करून येऊन त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढून घेऊन गेली. तिची आई त्यातही होती, दुसऱ्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, आता करा सत्कार. सकाळी करा."

सत्कार सकाळी झाला. अध्यक्ष आले, उपाध्यक्ष आले, हात खांद्यावर आला. शाल दिली, नारळ दिला, अक्कांना गुलाबी फेटा बांधला. मी लिहिलेलं मानपत्र वाचलं गेलं. त्यात विशेषण नव्हतं, त्यामुळे ते एका मिनिटात संपलं. अक्का उत्तर द्यायला उभ्या राहिल्या.

"पासवर्ड पाकिटात हाय," त्या म्हणाल्या. "पण जाताना सॉफ्टवेअरच्या कंपनीला सांगून डिलीटचं बटन काढून टाकलंय. परत बसवून घ्यायचं तर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांची सही लागंल. दोघांची एकदम. जेवायच्या आत घरी जायचंय, तेव्हा रामराम."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. त्या वाक्याचा अर्थ त्यांना गाडीत बसल्यावर कळला असावा, कारण गाडी फाटकापाशी थोडा वेळ थांबली आणि मग गेली.

अक्का आता जयसिंगपुरात भावाकडे असतात. कॅटलॉग जसा होता तसा आहे. एकही फोटो गेलेला नाही. सोनेरी वाक्याच्या खाली हल्ली एक मोठा टीव्ही बसवलाय. त्यावर 'अध्यक्ष' हा अल्बम दिवसभर आपोआप फिरत असतो. अक्कांनी त्यातला बँडवाला, नवरदेव, मंत्री आणि सरदार केव्हाच वेचून बाहेर काढले होते. त्यांच्या सत्काराचा फोटो मात्र त्या गेल्यावर कॅटलॉगात आला. सॉफ्टवेअरनं फेटा बघून विचारलं, 'हे अध्यक्षच ना?' आणि कुणीतरी 'होय' दाबलं.

तेव्हापासून अध्यक्षांच्या दोन फोटोंच्या मध्ये गुलाबी फेटा, दोरीचा चष्मा आणि मोठ्या डायलचं घड्याळ अशा अक्का पडद्यावर येतात. खाली अध्यक्षांचं नाव असतं. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.